बायोडाटा: लग्नाचा आणि नोकरीचा

मराठीत 'बायोडाटा' या एकाच शब्दावर दोन संसार चालतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "बायोडाटा पाठव" म्हटलं, की आधी विचारावं लागतं, नोकरीचा की लग्नाचा? नुसता शब्दाचा गोंधळ असता तर हसून सोडून दिलं असतं. पण आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडणारे रेझ्युमे नीट वाचले, तर हे दोन्ही कागद आतूनही सख्खे भाऊ निघतात. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, राष्ट्रीयत्व, कायमचा पत्ता, छंद. लग्नाच्या कागदावर गोत्र, उंची आणि 'अपेक्षा' जास्तीच्या, नोकरीच्या कागदावर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' जास्तीचं. तेही 'अपेक्षा'च्याच जागी बसलेलं असतं. वातावरण आव्हानात्मक हवं, वाढीला वाव हवा, घराणं नावाजलेलं हवं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. टीममध्ये नवीन माणूस घ्यायचा असला की रेझ्युमेंचा एक फोल्डर माझ्याकडे येतो. पावसाळ्यात घरी चिखलदऱ्याला गेलो की गावातली, ओळखीतली पोरं "भाऊ, एकदा पाहून घ्या" म्हणून आपापली पीडीएफ पाठवतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी कादंबऱ्या, कविता यांच्यापेक्षा रेझ्युमेच जास्त वाचलेत. कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, आता वेब सिरीजचीही होते. आपल्या पिढीतली लाखो मुलंमुली जो मजकूर लिहितात आणि ज्याच्यावर घरभाडं नि बहिणीची फी अवलंबून असते, त्याच्या वाट्याला मात्र 'दहा सोप्या टिप्स' येतात. म्हणून हा साहित्यप्रकार एकदा समीक्षकाच्या नजरेनं वाचून पाहू.

नमुन्याची भाषा

प्रचलित नमुन्याचं शेवटचं वाक्य पाहा. "वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व बरोबर आहे." त्याखाली स्थळ, दिनांक, सही. ही सरकारी अर्जाची भाषा आहे, आणि सरकारी अर्जात तिला अर्थ आहे. तिथे वय, प्रवर्ग, अधिवास यांवर पात्रता ठरते आणि माहिती खोटी निघाली तर निवड रद्द होते. तलाठी भरतीचा किंवा एमपीएससीचा फॉर्म भरताना यातलं काही गाळून चालत नाही. खासगी सॉफ्टवेअर कंपनीला पहिल्या चाळणीत यातलं काहीच लागत नाही. निवड झाल्यावर ती कागदपत्रं तपासून घेतेच. तरी सही करून, स्कॅन करून पाठवलेले रेझ्युमे अजून येतात.

नमुन्याचा मधला भाग विशेषणांचा. हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, क्विक लर्नर. अशा वाक्यांसाठी माझी एक साधी कसोटी आहे: वाक्य उलटं करून पाहायचं. "मी आळशी आहे, माझं कुणाशी पटत नाही, मला शिकायला फार वेळ लागतो" असं कुणी लिहील का? ज्याचं उलटं जगात कुणीच लिहिणार नाही, त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. या कसोटीवर बहुतेक रेझ्युमेंचं पहिलं अर्धं पान उडून जातं.

मोबाइलवरच्या डिझाइन ॲपमधून तयार केलेल्या रेझ्युमेत आणखी एक गंमत असते. जावापुढे निळी पट्टी ८० टक्के भरलेली, पायथनपुढे ७० टक्के. कशाच्या ८० टक्के? जावा ज्यांनी घडवली त्यांनाही हे सांगता यायचं नाही. दिसायला आकडा आहे, पण हे विशेषणच.

आता यात चॅटबॉटची भर पडली आहे. पूर्वी अख्ख्या वर्गाचं ऑब्जेक्टिव्ह सारखं असायचं, कारण सगळ्यांनी एकाच सीनियरची फाइल घेतलेली. आता अख्ख्या देशाची क्रियापदं सारखी झाली आहेत. प्रत्येकानं कशाचं तरी 'नेतृत्व' केलंय, प्रत्येकानं कशाची तरी 'कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली' आहे. ती ४० टक्के कुणी मोजली, आधी किती होती, असं मुलाखतीत विचारलं की मुलगा खाली बघतो. इंग्रजी नीट करून घ्यायला चॅटबॉट चांगला आहे. पण तुम्ही काय केलं ते त्याला माहीत नसतं. तुम्ही सांगितलं नाही, तर तो ती जागा विशेषणांनी भरतो.

चिखलदऱ्याचा एक कागद

उरलेल्या महाराष्ट्राला चिखलदरा म्हणजे पावसाळ्यातला शनिवार-रविवार. धुकं, भीमकुंड, गाविलगड, कॉफी. आमच्यासाठी तो हंगाम असतो. पाऊस लागला की परतवाड्याहून वर येणाऱ्या घाटात गाड्यांची रांग लागते, आणि कॉलेजातली पोरं लॉजवर, हॉटेलात, गाड्यांवर कामाला लागतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलाचा रेझ्युमे माझ्याकडे आला. कोरकू घरातला मुलगा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन पानं होती. पहिल्यावर ऑब्जेक्टिव्ह, विशेषणं, निळ्या पट्ट्या. दुसऱ्यावर चौघांनी मिळून केलेला 'चेहरा ओळखून हजेरी' हा प्रोजेक्ट आणि खाली वैयक्तिक माहिती. प्रोजेक्टमधलं तुझं काय, असं विचारलं तर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की कोड इंटरनेटवरचा आहे, त्यानं रिपोर्ट टाइप केला. मग दुसरं काय केलंस?

"भाऊ, मी त काहीच केलं नाही अजून."

बोलता बोलता जे निघालं ते असं. दोन हंगाम तो एका नऊ खोल्यांच्या लॉजवर कामाला होता. बुकिंग फोनवर यायचं, व्हॉट्सॲपवर यायचं, नोंद वहीत व्हायची, आणि शनिवारी एकच खोली दोघांना दिली जायची. रात्री नऊ वाजता पावसात भिजलेलं कुटुंब काउंटरवर उभं आणि खोली नाही. त्यानं गूगल शीटवर खोल्यांचा तक्ता केला आणि तो मालकाच्या नि स्वतःच्या फोनवर उघडून ठेवला. मग दुसरी अडचण आली. वर रेंज जाते. दोन्ही फोनवर वेगवेगळी नोंद व्हायची आणि रेंज आली की एकावर दुसरी चढायची. त्यावर त्यानं नियम केला: खोली पक्की करायची ती फक्त काउंटरवरच्या फोनवरून, दुसऱ्या फोनवर नुसती 'मागणी' लिहायची, आणि रोज संध्याकाळी तक्ता वहीशी ताडून पाहायचा. दुसऱ्या हंगामात एक खोली दोघांना गेली नाही.

"मग हे का नाही लिहिलं?"

"ते कायले लिहू? ते त गावचं काम होय."

आमच्या धंद्यात या प्रश्नाला स्वतंत्र नाव आहे आणि त्याच्यावर जाड पुस्तकं आहेत. एकाच नोंदीवर दोन ठिकाणांहून लिहिलं जातंय आणि मधलं नेटवर्क तुटलंय, अशा वेळी खरं कुणाचं मानायचं? बँकांना हाच प्रश्न पडतो, रेल्वे आरक्षणालाही पडतो. अंतिम नोंद करण्याचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवायचा, हे त्यावरचं एक मान्य उत्तर आहे. या मुलानं ते नऊ खोल्यांच्या लॉजवर स्वतः शोधलं आणि रेझ्युमेतून वगळलं. त्या जागी इंटरनेटवरून आणलेला चेहरा ओळखणारा प्रोजेक्ट ठेवला, कारण तो 'इंजिनिअरिंगसारखा' दिसत होता.

आणखी एक ओळ होती. 'भाषा: इंग्रजी, हिंदी, मराठी.' कोरकू नव्हती. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली. मराठी-हिंदीशी तिचं कुळ जुळत नाही. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सात लाखांहून अधिक लोक होते. हा मुलगा आरोग्य शिबिरात डॉक्टर आणि म्हाताऱ्या बायांच्या मध्ये बसून दोन्हीकडचं एकमेकांना सांगत होता. चार भाषा आणि दोन भाषाकुळं येणाऱ्या माणसानं तीनच लिहिल्या, कारण नमुन्यात तीनच होत्या.

आम्ही बसून ते पान पुन्हा लिहिलं. लॉजची नोंद अशी झाली: "चिखलदऱ्यातल्या नऊ खोल्यांच्या लॉजसाठी गूगल शीटवर बुकिंगचा तक्ता तयार केला. दोन हंगाम, दोन फोन. रेंज गेल्यावर नोंदी एकमेकींवर चढत होत्या, म्हणून खोली पक्की करण्याचा अधिकार एकाच फोनला दिला. दुसऱ्या हंगामात दुहेरी बुकिंग शून्य." यात एकही विशेषण नाही. प्रत्येक तुकड्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो आणि त्याचं उत्तर या मुलाकडे आहे.

करीना आणि महजर

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. मराठेशाहीत वतनाचा वाद उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापला 'करीना' लिहून देत. आपण कोण, हक्क कुठून आला, आजवर कुणी कुणी चाकरी केली, याची हकीकत. पण नुसत्या करीन्यावर वतन मिळत नसे. जुने कागद पाहिले जात, गावच्या जाणत्या माणसांच्या साक्षी होत आणि निवाड्याचा 'महजर' सभेला हजर असलेल्यांच्या साक्षीनिशी होई. आपल्या करीन्यात प्रत्येक जण मोठाच असणार, हे त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होतं.

रेझ्युमे हा आजचा करीना आहे. तो वाचणारा मनातल्या मनात साक्षीदार शोधत असतो. गिटहबची लिंक हा साक्षीदार. चालू असलेल्या वेबसाइटचा पत्ता हा साक्षीदार. "मालकाशी बोलायचं तर नंबर देतो" म्हणता येणं हाही साक्षीदार. यातलं काही नसेल, तर कामाचा बारीक तपशील साक्ष देतो. ज्यानं काम केलंय त्यालाच रेंज गेल्यावर काय होतं ते सांगता येतं. नमुन्यातली विशेषणं पडतात ती इथे. त्यांच्या बाजूनं उभा राहायला कुणी नसतो.

जुना करीना आणि आपला नमुना यांच्यात आणखी एक साम्य आहे, आणि ते त्रासदायक आहे. करीन्यात वंश सांगावाच लागे, कारण हक्क वंशानं येत असे. नोकरीचा हक्क वंशानं येत नाही. तरी आपला नमुना वडिलांचं नाव, धर्म आणि मूळ गाव स्वतःहून सांगत सुटतो.

मशीन काय वाचतं

वंशाकडे वळण्याआधी मशीनचं पाहू, कारण त्याच्याबद्दल पोरांच्या मनात भीती फार आहे. मोठ्या कंपन्या 'एटीएस' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं मूळ काम कारकुनाचं आहे. तुमच्या फाइलमधला मजकूर बाहेर काढायचा, नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं अशा खणांत भरायचा, आणि एचआरच्या माणसानं 'जावा' किंवा 'एसक्यूएल' शोधलं की ज्यांच्यात ते शब्द आहेत ते अर्ज पुढे करायचे. काही कंपन्या त्याच्यावर गुण देणारी यंत्रणाही बसवतात, पण मजकूर नीट बाहेर आला नाही तर तिथवर गोष्ट जातच नाही.

मजकूर बिघडतो तो सजावटीमुळे. दोन रकान्यांचा रेझ्युमे काही सॉफ्टवेअर आडवा वाचतं, मग डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसतो. चित्र म्हणून टाकलेली अक्षरं बऱ्याचदा वाचलीच जात नाहीत. निळ्या पट्टीतले ८० टक्के मशीनला दिसत नाहीत. हे तपासायला पैसे लागत नाहीत. फोनवर आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून साध्या नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे जे ज्या क्रमानं दिसेल, साधारण तेच मशीनला दिसतं. एक रकाना, साधी अक्षरं, आणि जाहिरातीत ज्या शब्दानं कौशल्य मागितलंय तोच शब्द, अर्थात ते खरंच येत असेल तर. फ्रेशरला एक पान पुरतं.

पण मशीन म्हणजे निःपक्षपाती, असं समजू नका. अमेझॉननं २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारं एक सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं होतं. कंपनीकडे आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकायला दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून 'महिला' हा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान, की ते सॉफ्टवेअर गुण कमी करायला शिकलं. कंपनीनं ते सोडून दिलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्सनं ही बातमी दिली. मशीन आधीच्या वाचणाऱ्यांकडूनच वाचायला शिकतं.

नाव

रेझ्युमेवरच्या लेखांत एक गोष्ट सहसा येत नाही, आणि ती शोधणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं, एक मुस्लिम. जातीचा किंवा धर्माचा उल्लेख कुठेच नाही.

पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेतले 'ऑड्स', उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला ०.६७ पट निघाले आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट. या अर्जांत वाईट लिहिलेलं काही नव्हतं. चूक असेल तर आडनावात होती.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून दुसरा अभ्यास केला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सगळे सांगत होते, आणि मुलाखतीत उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतो, हेही सांगत होते. वडील काय करतात, घरी कोण शिकलेलं आहे. म्हणजे पुन्हा लग्नाचा बायोडाटा.

आता तिसरा अभ्यास. मॅरिअन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत असेच अर्ज पाठवले होते. २००४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. त्यातली दुसरी गोष्ट रेझ्युमेचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावावी अशी आहे. रेझ्युमे आणखी चांगला केला की गोऱ्या नावांना त्याचा फायदा जास्त झाला, काळ्या नावांना कमी. म्हणजे 'प्रभावी रेझ्युमे कसा लिहावा' हा सल्ला ज्यांना आधीच वाट मोकळी आहे त्यांच्या जास्त उपयोगी पडतो.

हे वाचून गाव, घर, भाषा, सगळंच लपवावं असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही, पण त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, जन्मतारीख, फोटो हे जन्माचं आणि घरचं. खासगी नोकरीच्या पहिल्या अर्जात यातलं काहीच देऊ नका. कुणी मागितलेलं नसतं आणि त्यानं तुमचं भलं होत नाही. चिखलदरा, लॉज, कोरकू, आरोग्य शिबिर हे कामाचं. ते काढलं तर साक्षीदारच काढल्यासारखं होतं. आपला नमुना नेमका उलटा वागतो. जे झाकायचं ते उघडं टाकतो आणि जे सांगायचं ते 'गावचं काम' म्हणून झाकतो.

आडनावाचं काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. बेठेकर किंवा कासदेकर हे नाव पुण्यातला माणूस कुठल्याही 'कर'सारखं वाचून पुढे जाईल, अमरावतीतला माणूस क्षणभर थांबेल. ते नाव बदला असं मी कुणाला सांगणार नाही. आणि नुसतं चांगलं लिहा, सगळं होईल, असंही सांगणार नाही, कारण ते खरं नाही.

त्या मुलाला अजून नोकरी लागलेली नाही. नव्या पानावर दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे अर्धा वेळ बोलणं लॉजच्या तक्त्यावर झालं. एका ठिकाणी त्याला विचारलं, खोल्या नऊऐवजी नऊशे असत्या तर काय केलं असतंस? त्याला पूर्ण उत्तर देता आलं नाही, पण आता तो त्या प्रश्नाचा अभ्यास करतोय. जुन्या पानावर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

शेवटचं, नोकरीत असलेल्यांसाठी. आपल्यातले बरेच जण चार-पाच वर्षांत रेझ्युमे लिहिणारे राहत नाहीत, वाचणारे होतात. फोल्डर आला की पहिल्या चाळणीला नाव, फोटो आणि कॉलेजची ओळ झाकून वाचता येतं. पायथनच्या वीसेक ओळींचं काम आहे. मी ते करतो. एचआरला हे पटवायला दोन-तीन मीटिंगा जातात, तेवढ्या जाऊ द्या. आणि मुलाखतीत 'घरी कोण कोण असतं?' हा प्रश्न तोंडावर आला, तर त्याच्याजागी विचारा, "हे काम करताना अडलं कुठे?"